सालईच्या नाल्याची उतरण

जठारपेठ, अकोला.
३ फेब्रुवारी २००९

चि. प्रियदर्शनी हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझे चौदा जानेवारीचे पत्र काल पोहोचले. पत्र म्हणतो ते सभ्यतेपोटी. सात ओळी, त्यांत तीन अशुद्धे, आणि एका वाक्याला क्रियापदच नाही. पूर्वी असे पत्र आले, की मी ते हिरव्या शाईने दुरुस्त करून तुझ्याकडे परत पाठवत असे. या वेळी जसेच्या तसे खणात ठेवले आहे. माणूस म्हातारा झाला, की सवलती देऊ लागतो.

प्रकृती ठीक. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वाचू नका. मी आठ दिवस पाळले. नळाला पाणी सहा दिवसांआड येते. तुझ्या आईच्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला तू आली नाहीस, हे मी कोणाला मुद्दाम सांगितले नाही. सर्वांनी मुद्दाम विचारले.

तू लिहितेस, की तुझ्या हैदराबादच्या कंपनीत पडद्यावर एका वेळी चारशे मालमोटारी दिसतात. कोणती कोठे थांबली, किती वेळ थांबली, कोणी ठरलेला मार्ग सोडला, हे तुला बसल्या जागी कळते. काम तेच आहे, फक्त जनावर बदलले, असा विनोदही तू केला आहेस. हा विनोद दुसऱ्या कोणी केला असता, तर मी त्याला चहा न देता वाटेला लावले असते.

तुला विसर पडला असेल, तर मी आठवण देतो. अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी तू मेळघाटात पाणवठ्यावर प्राणी मोजायला गेलीस, आणि परत आल्यावर चप्पल न काढता म्हणालीस, "बाबा, नुसतं मोजून काय उपयोग? ते येतात कुठून आणि जातात कुठं, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही." मी तुझ्यासाठी राज्यसेवेची पुस्तके आणून ठेवली होती. त्यांना स्वतः कव्हरे घातली होती. ती कव्हरांसकट एका विद्यार्थ्याला देऊन टाकली. तो आज तहसीलदार आहे. पुढे तुझे एम.एस्सी., मग काळविटांवरचा प्रबंध, मग तीन वर्षे नुसते अर्ज, आणि तिशीच्या उंबरठ्यावर एकदाचे ते रोह्यांचे संशोधन मिळाले. वाघ नाही, बिबट्या नाही; रोही, पुस्तकातली नीलगाय! ज्या जनावराला चांदूर बाजार तालुक्यातला प्रत्येक शेतकरी उठल्यासुटल्या शिव्या देतो, त्याच्या गळ्यात तू रेडिओवर आवाज देणारा पट्टा बांधलास. लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांनी विचारले, मुलगी काय करते? तुझा मामा म्हणाला, "रोह्यायच्या मांगं फिरते." पाहुणे चहा पिऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत.

त्या दिवशी मी तुझ्या बाजूने बोललो होतो. नंतर तू मला वहीतले नकाशे दाखवलेस: दर दोन तासांचा एक ठिपका, आणि ठिपके जोडणारी रेघ. "लोक म्हणतात रोही कुठंही घुसतं. हे बघा बाबा, ते तर तुमच्यासारखं आहे. रोज त्याच वाटेनं, त्याच वेळी." मला ते बोलणे फार आवडले होते. तसे मी तुला सांगितले नाही. वहीतल्या दोन गावांच्या नावांचे ऱ्हस्वदीर्घ तेवढे दाखवून दिले.

आणि तीन वर्षांपूर्वी वनखात्याने परवानगी रद्द केल्याबरोबर तू सर्व सोडून निघून गेलीस. अपील केले नाहीस. भांडली नाहीस. एक कागद आला, आणि तू बारा वर्षांचे काम ट्रंकेत घालून माझ्या पलंगाखाली सारलेस. ती ट्रंक अजून तेथेच आहे. झाडणारी बाई रोज सकाळी तिच्यावर झाडू आपटते.

किरकोळ बातम्या. अब्दुल सत्तार छापखाना बंद करतो आहे. तुझे ते शेतकऱ्यांसाठीचे पत्रक त्यानेच छापले होते. जुने गठ्ठे आवरताना त्याला माझे काही कागद सापडले, ते आणून दिले. त्यांत विशेष काही नाही.

तुझा सहायक डोमाजी, त्याची पत्नी मनकर्णा परवा येऊन गेली. गावाहून एसटीने आली होती. तिला खात्याकडे एक अर्ज लिहून हवा आहे. मी म्हटले, डोळा बरा होऊ दे, मग पाहू.

एक काम आहे. डोमाजीच्या मृत्यूनंतर तू चौकशीत जो लेखी जबाब दिलास, त्याची प्रत तुझ्याजवळ असल्यास पाठव. मला त्याची भाषा पाहायची आहे.

अधिक लिहिण्याजोगे नाही.

तुझा,
बाबा


जठारपेठ, अकोला.
२० फेब्रुवारी २००९

चि. प्रियदर्शनी हिस,
जयभीम.

जबाबाची प्रत मिळाली. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितेस: "मी हे पुन्हा वाचलेलं नाही. डोमाजीकाकांबद्दल मला काही बोलायचं नाही. त्यांना मी घरचं मानलं होतं."

जबाब मी चार वेळा वाचला. भाषा निर्दोष आहे. ११ जानेवारी २००६ रोजी पहाटे डोमाजी रोह्यांच्या कळपाची नोंद घ्यायला सालईच्या नाल्याच्या उतरणीवर गेला. हरभरा राखण्यासाठी कोणी तेथे विजेची उघडी तार सोडली होती. डोमाजी तिच्यावर गेला. आवाज पकडण्याचे यंत्र त्याच्या खांद्याला होते, आणि तू पोहोचलीस तेव्हा ते चालूच होते. रोही पुढे निघून गेल्या होत्या, त्यांच्या पट्ट्याची टकटक त्यातून येत होती. हे तू एका वाक्यात लिहिले आहेस. मला ते एका वाक्यात लिहिता आले नसते.

तार सोडणाऱ्याने सांगितले, की जागा आणि वेळ त्याला पत्रकातून कळली. तीन हंगाम त्याचा हरभरा रोह्यांनी नेला होता. पत्रकात तू एवढेच म्हणणार होतीस, की रोही ठरलेल्या वाटेने येतात, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या धुऱ्या-बांधावर जागत बसण्यापेक्षा सर्वांनी मिळून दोन-तीन ठिकाणी राखण करावी. त्या जागा तू गावोगाव बैठक घेऊन, तारा न लावण्याचा शब्द घेऊन, मग तोंडी सांगणार होतीस. छापून आले त्यात मात्र सर्व होते: पहाटे साडेचार ते पाच, सालईच्या नाल्याची उतरण. त्या हंगामात लोडशेडिंगमुळे शेताची वीज पहाटे चारला येई. त्या माणसाला आणखी काय हवे होते?

पुढे तुझ्या जबाबात ही वाक्ये आहेत: "जागेचा व वेळेचा उल्लेख माझ्या मूळ मजकुरात नव्हता. माझ्या वडिलांनी तपासून दिलेल्या प्रतीतही तो नव्हता. त्यानंतर कागद डोमाजी यांच्या ताब्यात होते."

मी ही वाक्ये वेगळ्या कागदावर उतरवून घेतली आणि त्यांत चूक शोधली. सापडली नाही. म्हणजे भाषेची सापडली नाही.

आता मला तुला एक विचारायचे आहे, आणि उत्तर लेखी हवे. तू संशोधक. रोही नाल्याच्या डाव्या काठाने गेली की उजव्या, हे ठरवायला तू लेंड्यांचे ढीग मोजलेस, खुरांची मापे घेतलीस. एका दिशेने आलेल्या आवाजावर तू कधी विसंबली नाहीस. तीन ठिकाणी उभे राहून तीन दिशा मिळाल्याखेरीज वहीत ठिपका देत नव्हतीस. हे तूच मला समजावले होतेस, जेवणाच्या ताटात मिरच्या मांडून. आणि माणसाची पाळी आली तेव्हा? कोणीतरी तोंडी काही सांगितले, आणि तू ते जबाबात लिहून मोकळी झालीस. छापखाना आपल्या घरापासून पायी दहा मिनिटांवर होता. तेथे जाऊन मूळ प्रत का मागितली नाहीस? जनावराला तीन दिशा, आणि डोमाजीला एकच?

मनकर्णा पुन्हा आली होती. या वेळी ओट्यावर बसली नाही; आत येऊन खुर्चीवर बसली. बोलणे जसे झाले तसे देतो. तिची भाषा मी सुधारलेली नाही.

"गुरुजी, डोया बरा झाला का?"

"होतो आहे."

"मंग अर्ज लिवा. दोनदा आली मी. एसटीतून उतरल्यावर पाय उचलत नाही माहा."

"अर्जात लिहायचे काय?"

"फाइलीत एक लाइन हाय. बाबूनं वाचून दाखवली मले. मृताने सोता माहिती फोडली म्हने, म्हून मृत सोता जबाबदार. ते लाइन खोडा म्हना त्यायले. पैशाचं राहू द्या बाजूले. हापशीवर बाया मले आयकू येईन असं बोलतेत, याच्या मानसानं रोह्यायची वाट इकली."

"त्याला पुरावा लागतो, मनकर्णाबाई."

"पुरावा?" ती हसली. "गुरुजी, त्याले लिव्हता येत नोयतं. एसटीची पाटी वाचाले तो लोकायले इचारे. एक डाव परतवाड्याच्या गाडीत बसून आला होता, घरी याले रात झाली. त्यानं छापखान्यात काय लिवून देल्लं? आन् तोंडी सांगतलं म्हनान, त छापनेवाल्यानं काहून आयकलं त्याचं? मैडमची सही नाही, तुमची सही नाही, डोमाजीनं सांगतलं म्हून छापलं? तुमी एवढे शिकेल लोक. तुमाले कोनालेच हे खोटं वाटलं नाही?"

मी तिला पाणी दिले. पेला तसाच ठेवून ती गेली.

तिचा अर्ज मी चार वेळा लिहायला घेतला. अर्जदाराचे नाव, गाव, विषय, येथवर हात सुरळीत चालतो. नंतर "पत्रकातील उल्लेख" असे दोन शब्द येतात आणि तेथे थांबतो. तो उल्लेख कोणी केला हे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. छत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, की करणाऱ्याचे नाव दडवून वाक्य लिहू नका. ती कचेरीतली खोड आहे.

उत्तर लवकर दे. छापखान्यात का गेली नाहीस?

देवराव खंडारे


जठारपेठ, अकोला.
१६ मार्च २००९

प्रियदर्शनी,

तुझे उत्तर मिळाले. एकच ओळ: "कारण ते तुम्ही सांगितलं होतं, बाबा."

याहून नेमके तू आजवर काही लिहिलेले नाहीस. तेव्हा आता मीही क्रमाने लिहितो.

१७ डिसेंबर २००५, शनिवार. दुपारच्या गाडीने डोमाजी आला. तुझ्या हातची दोन पानी प्रत आणि गावांची नावे ताडण्यासाठी तुझी वही, असे त्याच्या पिशवीत होते. मी तपासायचे, त्याने ती प्रत जाताजाता सत्तारच्या छापखान्यात टाकायची आणि गाडी धरायची, असे ठरले होते. तू स्वतः थांबली नव्हतीस. बाबांनी पाहिलं की मला पाहायला नको, असा तुझा निरोप होता. हा निरोप त्याने मला दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा ऐकून मी खूश झालो, हे त्याला दिसले.

भाकर खाऊन त्याने ताट स्वतः घासले. मग खाली बसून तो मला तुमच्या कळपातल्या पट्टेवालीच्या गोष्टी सांगू लागला. तिला त्याने मास्तरीन नाव ठेवले होते. "सगळ्यायच्या पुढं चालते, गुरुजी, आन् उतरनीवर थांबून मांगं पायते, कोन राह्यलं, कोन आलं. हजेरी घेतल्याबिगर नाला उतरत नाही." मी त्याला म्हटले, गप्प बस, मला काम करू दे.

तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात होते: "रोही ठराविक वेळी, ठराविक वाटेने येतात." समासात तू पेन्सिलीने बारीक लिहिले होतेस: जागेचे नाव नको. ते मी वाचले. न दिसल्याचे सोंग मला करता येणार नाही, कारण मी त्यावर हिरवी रेघ मारली आहे आणि बाजूला लिहिले आहे: "का नको? मोघम लिहिण्याने अभ्यासाची किंमत जाते." मग तुझी वही उघडली, पान शोधले, आणि जागा व वेळ दोन्ही माझ्या हाताने मजकुरात घातली.

त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर नाला नव्हता, तार नव्हती. चहा पिऊन गेलेले ते पाहुणे होते, आणि तुझा मामा. एकदा त्यांना छापील कळू दे, की माझी मुलगी नुसती मागे फिरत नाही; मिनिटामिनिटाचे तिला ठाऊक असते. प्रत पुन्हा वाचली आणि समाधान वाटले. तळाशी शेरा लिहून पूर्ण सही केली.

गाडीला अवकाश होता. डोमाजी माझ्या शाईकडे पाहत होता. म्हणाला, "गुरुजी, मैडम म्हनते तुमी कोनाचंबी सुधरवता. माहं नाव येते का लिवाले?" मी म्हटले, ये. जवळ दुसरा कोरा कागद नव्हता म्हणून तीच प्रत पालथी घातली. त्याने माझ्या पेनाने पाच वेळा नाव लिहिले. पहिल्या चार वेळा शेवटचा ‘जी’ राहून गेला. पाचव्या वेळी पूर्ण आले. तो इतका घामाघूम झाला होता, की मला हसू आले. मग ती प्रत घेऊन तो छापखान्यात गेला, आणि सत्तारने माझी सही पाहून ती बिनबोभाट छापली.

१४ जानेवारीला तू दारात उभी होतीस. हातात पत्रक. "बाबा, हे जागेचं नाव कुणी घातलं?"

मी म्हणालो, "मी तपासून दिले तेव्हा ते नव्हते. पुढे कागद डोमाजीजवळ होते."

दुसरे वाक्य खरे होते, म्हणून पहिले खपले. बोलताना माझा आवाजही बदलला नाही. डोमाजीला जाऊन तीन दिवस झाले होते. तो येऊन नाही म्हणणार नव्हता. हे माझ्या मनात आले नव्हते, असे मी लिहिले तर ते दुसरे खोटे होईल.

मला पोलिसांची भीती वाटली, असे म्हणणे सोपे गेले असते. तसे नव्हते. माझ्या हातून चूक छापली गेली, हे तुझ्या तोंडावर कबूल करणे मला जमले नाही. एवढेच. एवढ्यासाठी.

आणखी एक आहे, ते तुला ठाऊक नाही. तुझी परवानगी रद्द झाल्याचे कळले त्याच आठवड्यात मी एका महाविद्यालयात तुझ्यासाठी व्याख्यात्याची जागा विचारून आलो. पांढरा सदरा घालून गेलो होतो. मला बरे वाटले होते, प्रियदर्शनी. आता हिचे फिरणे संपले, असे मला वाटले. तू भांडली नाहीस म्हणून मी तुला पहिल्या पत्रात दोष दिला. तू अपील केले असतेस तर छापखान्यातली प्रत निघाली असती, आणि तू ते करू नयेस म्हणून त्या दिवसांत मीच तुला रोज समजावत होतो, की कशाला, जाऊ दे, झाले ते झाले. पत्र लिहिताना हेही मला आठवत होते.

जानेवारीच्या अखेरीस सत्तार घरी आला. प्रत त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती.

"घ्या गुरुजी. तुमची अमानत."

"हे तू जपून कशाला ठेवलेस?"

"मी काईच फेकत नाही. लग्नाच्या पत्रिकेचा मजकूरबी ठेवतो. उद्या कोनी म्हनलं नाव चुकवलं, त दाखवाले पायजे."

"मग चौकशीत का दाखवले नाहीस?"

"मले कोनी इचारलंच नाही. आन् तुमी माहे मास्तर. मी म्हनलं, गुरुजी सोता जातीन. तीन साल झाले, तुमी दुकानापुढून जाता, मी पाहून राहिलो. आज जातीन, उद्या जातीन." मग दाराशी चपला घालताना म्हणाला, "शाळेत तुमी मले एका काना-मात्रेसाठी बाकावर उभं केलतं. तेवढं याद राह्यलं."

तो गेल्यावर मी ती प्रत खणात ठेवली; पुढे तुझे पत्र आले, ते तिच्यावर ठेवले. विशेष काही नाही, असे तुला कळवले. सत्तार येऊन गेल्यावर दोनच दिवसांनी मनकर्णा अर्जासाठी आली होती. तुझी ओळ येईपर्यंत प्रत तेथेच होती.

मागच्या गुरुवारी मी तिच्या गावी गेलो. अमरावतीला गाडी बदलून, चांदूर बाजारहून पुढे ऑटोने. अर्ज मी पूर्ण करून नेला होता, आणि तो तिच्या नावाने माझा कबुलीजबाब होता. अंगणात बसून वाचून दाखवला. शेजारच्या दुर्गाबाई आणि आणखी दोघी-तिघी भिंतीपाशी उभ्या होत्या. मी आवाज खाली आणला नाही.

वाचून झाल्यावर मनकर्णाने भिंतीपाशी उभ्या बायांकडे पाहिले. मग म्हणाली, "म्हंजे तुमी व्हय."

"होय."

"मी पयल्यांदा आली, तवा ठावूक होतं तुमाले?"

"होय."

"आन् तुमी मले डोयाचं सांगतलं."

तिने हात पुढे केला. मी मूळ प्रत दिली. तिने ती उलटून मागची बाजू पाहिली. हिरव्या शाईतल्या पाच ओळी.

"हे कोनाचं?"

"डोमाजीचे. त्याने स्वतः लिहिलेले."

ती बोट फिरवत राहिली. "उलटं त नाही धरलं ना मी?"

"नाही. सुलटे आहे."

मी शाईची डबी पुढे केली, अंगठ्यासाठी. तिने ती बाजूला सारली. "याच्यावर माहा अंगठा कायले? केलं तुमी, सही तुमची. माह्या नावानं नोका लिवू. तुमच्या नावानं लिवा. आन् त्यायचं काम झालं, का हा कागद मले वापस पायजे."

तिचे बरोबर होते. अर्ज तेथेच फाडला आणि तिच्या चुलीपाशी बसून माझ्या नावाने नवा लिहिला. एका बैठकीत झाला. कोठे थांबावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी अमरावतीला जाऊन दिला, पोच घेतली. सुनावणी गुरुवारी, २६ मार्चला, सकाळी अकरा वाजता आहे. सत्तार येणार आहे. मनकर्णा येणार आहे.

निघताना ती म्हणाली, "मैडमले सांगा. तिच्या लिवन्यानं त्याले भेदी केलं. साहेबापुढं मंग बोलन, पयले गावात येऊन बोल म्हना. इथं, हापशीपाशी." हा निरोप मी शब्दही न बदलता तुला पोहोचवतो. तू यावेस की नाही, याबद्दल माझे मत देत नाही. माझ्या सांगण्यावर तू एकदा विसंबलीस, तेवढे पुरे झाले.

या कबुलीने तुझी परवानगी परत मिळेल, असेही लिहीत नाही. मला ते ठाऊक नाही.

परत येताना मी ऑटो थांबवून ती उतरण पाहिली. मी नाव घातले, वेळ घातली, पण जागा कधी पाहिलेली नव्हती. साधी उतरण आहे. दोन सालईची झाडे, खाली कोरडा नाला. पलीकडची ई-क्लासची सरकारी पडीक जमीन, जेथे तुझ्या रोही दिवसा बसत, ती सगळी नांगरलेली आहे. ऑटोवाल्याला विचारले, रोही आता कोठून येतात? तो म्हणाला, "येतेत त रोजच. कुठून येतेत, कोनाले मालूम?"

तुझी ट्रंक पलंगाखालून काढून खिडकीशी ठेवली आहे. कुलूप उघडलेले नाही.

प्रतीच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत सोबत जोडली आहे. पुढच्या बाजूला, तळाशी, माझा शेरा दिसेल: "तपासले. छापण्यास हरकत नाही." त्याखाली माझी पूर्ण सही आहे. तशीच येथे करतो. या वेळी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. दोन्ही सह्या शेजारी ठेवून ताडून पाहा.

देवराव सोनाजी खंडारे